पाच घरचं अंगडं

२ डिसेंबर १९७९

पोपट काढायला बसलो आणि वांगं झालं!

चोच खाली वळवायची होती, ती देठासारखी वर गेली. पोट फुगलं. हिरवा दोरा संपला म्हणून जांभळा घातला — मग काय, झालंच. उसवणार होतो. पण म्हटलं, जन्मभर वांगी लावली, पुलगावच्या बाजारात ओरडून ओरडून विकली, वांग्यांवर पोरगी वाढवली. नातवंडाच्या झबल्यावर आजोबाच्या वाडीतलं वांगं असलं तर काय बिघडलं? राहू दिलं.

पोरीला, जयवंताला, दिवस गेलेत. ही तिसरी खेप. फाल्गुनात भरतील. जावई रूपराव परवा आष्टीहून येऊन गेले. चहा पिता पिता म्हणाले, 'आई म्हनते, या खेपेले जागा बदलून पाहू. तुमच्या इकडं आनतो.' मी हो म्हणालो. इतक्या जोरात, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

पहिलं याच घरात झालं होतं. तेव्हा तिची आई होती, माझी कोकिळा. बाळ पाचवीच्या पूजेलाही पोचलं नाही. दुसरं आष्टीला, कोकिळा गेल्यावर. ते हसायला लागलं होतं. एका सकाळी जयवंतानं उचललं तर थंड. त्या पोरीनं दोनदा दूध आटवलंय, याच्यापुढे मला लिहवत नाही.

बाळंतविडा आईनं करायचा असतो. झबली, टोपडी, दुपटी, कुंची. आई नाही, तर बाप करील. कोकिळेचं पायमशीन आहे, तिच्या डब्यात रंगीत दोरे आहेत. फक्त हात कुदळीचे आहेत.

९ डिसेंबर

शेजारची कुंताबाई ताक द्यायला आली आणि मला मशीनवर बघून दारातच बसली हसत. 'दौलतभाऊ, आता भाकरी थापाले बी शिकून घ्या, म्हंजे सुनेची गरज नाई!' सून कुठली? एकच तर पोरगी मला. बोलायचं म्हणून बोलते ती.

हिला नवरा नाही. तीन मुलगे आहेत — तिघेही धडधाकट आणि तिघेही भांडखोर. आळीतली अर्धी पोरं हिच्या हातावर जन्मली. बाळंतपण मी करीन म्हणाली. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

झबलं हातात घेऊन उलटंपालटं केलं. 'शिवन बाहेरच्या अंगानं ठेवा. आतून लेकराले टोचते.' म्हणजे इतके दिवस सगळं उलट शिवलं मी. परत उसवा! वांगं पाहून काही बोलली नाही. गाजर समजली असेल.

१५ डिसेंबर

बोट मशीनच्या सुईखाली. वांग्याच्या काट्यांना सरावलेली बोटं, पण सुईचं दुखणं वेगळं.

२८ डिसेंबर

कुंचीला कापड आणायला निघालो होतो. मग कोकिळेची ट्रंक उघडली. तिची हिरवी रेशमी साडी, काठाला मोतिया बुट्टी. घडीवर विरली होती, पण काठ धड. नाकाशी नेली तर अजून तिचा वास — कापूर आणि चूल. साडी मांडीवर घेऊन रडलो. घरात कोणी नव्हतं, लाजायचं कोणाला?

मग कात्री लावली. चांगली दुहेरी कुंची होईल. कपाळाशी झालर, पाठीवर मणी. काठाची बुट्टी बरोबर मानेवर आली पाहिजे, म्हणजे पाळण्यात पालथं घातलं की आल्यागेल्याला दिसेल. दिसलीच पाहिजे! कोकिळा असती तर चार बायांना बोलावून दाखवली असती.

७ जानेवारी १९८०

निवडणुकीचे भोंगे एकदाचे बंद झाले. बोटाची शाई जात नाही. टोपड्याला डाग पडू नये म्हणून बोटाला चिंधी बांधून शिवतो आहे. बाजारात एकानं विचारलं, 'काय लागलं गा दौलतराव?' म्हटलं, सरकार लागलं.

१४ जानेवारी

संक्रांत. बाजारातून दमून आलो. आज सुई हातात धरली नाही. पौष संपला की जयवंता येते.

२० जानेवारी

आली!

आष्टीहून आर्वीला, आर्वीहून छोट्या रेल्वेनं पुलगावला उतरली, तिथून बैलगाडीनं घरी. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला कुंताबाई उभीच होती. पोरीचं तोंड भरलंय. पाय तर इतके सुजलेत की चपला हातात घेऊन उतरली. गाडीत पाय लोंबकळून बसली असेल. कुंताबाई म्हणाली, 'तोंड भरलं म्हंजे पोरगं होईन पाहा.'

सोडायला तिच्या सासूबाई आल्या होत्या, आनंदाबाई. जेवणं झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात पेटी आणली. एकेक काढून मांडलं. वांग्याचं झबलं, मण्यांचं टोपडं, चार दुपटी, आणि सगळ्यात वर कोकिळेच्या साडीची कुंची. जयवंतानं कुंची गालाला लावली. 'बाबा, तुमी केली?' तिला खरंच वाटेना.

आनंदाबाई एकेक घडी घालून परत पेटीत ठेवायला लागल्या. म्हटलं, काय झालं?

'हे लावाचं नाई लेकराले.'

'काऊन?'

'पयल्याले बी रेशमी कुंची होती. माह्या डोयासमोर आहे अजून. दुसऱ्याले मी हौसेनं नवं आनलं. नव्यातच गेले दोघं.' पेटीचं झाकण लावलं. 'पाच घरचं मागून आना. जिथं लेकरं जगली त्या घरचं. जुनं, इटलेलं. त्याचं अंगडं शिवा. फूल नाई, मनी नाई, काई नाई. देवाले वाटलं पायजे का हे कोनाचंच लेकरू नोहे. नाव बी चिंधू ठेवू.'

मी म्हटलं, मी जन्मात कोणाला मिठाचा खडा मागितला नाही.

'मी मागतलं असतं. पन आजोळचंच लागते, असं म्हनतात.' आणि बाई डोळ्याला पदर लावून रडायला लागली. वाईट नाही ती. दोन नातवंडं तिचीही गेली. पण मला तेव्हा राग आला होता. कोकिळेची साडी का अपशकुनी? उठलो आणि भर उन्हात वाडीत जाऊन दोन वाफे खणले. नको असलेले.

२१ जानेवारी

आनंदाबाई सकाळच्या गाडीनं गेल्या. मी ठरवलं होतं, कुठं जायचं नाही. अडाणीपणा सगळा. सातवी पास माणूस मी.

दुपारी जयवंता चुलीपुढे बसली होती. म्हणाली, 'बाबा, कुंची लय सुंदर आहे.' मग चुलीत लाकूड सारत, 'पन तुमी मागून आना. मले बी भेव लागते.'

झालं. यापुढे माझी सातवी काय कामाची?

२४ जानेवारी

पाच घरं झाली.

कुंताबाईनं सांगून ठेवलं होतं — आधी सांगून जायचं नाही, उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही, दुपट्टा पसरायचा आणि तोंडानं मागायचं. कोणी आपण होऊन दिलेलं चालत नाही. मागितलंच पाहिजे.

पहिलं घर तिचंच. सोपं होतं. थोरल्याचं जुनं धोतर फाडून दिलं, वर 'पुढचं घर पाहा' म्हणाली, भिकाऱ्याला म्हणतात तसं. हसलो दोघंही.

दुसऱ्या घरी वच्छला. तिच्या चार पोरी आहेत. मी दारात दुपट्टा पसरला तर घाबरून आत गेली आणि कोरा खण घेऊन आली. 'दौलतभाऊ, तुमाले फाटकं देऊ का मी?' आता काय सांगावं! म्हटलं बाई, फाटकंच पाहिजे, जितकं फाटकं तितकं बरं. ती ऐकेना. शेवटी पोरींचं एक लुगड्याचं दुपटं मिळालं. तिनं ते देताना डोळे पुसले. मला मेल्यासारखं झालं.

तिसरं-चौथं घर कसं केलं आठवत नाही. मान खाली होती.

पाचवं लक्ष्मणरावाचं. त्याची बायको भागीरथा — सात लेकरं, सातही जगली, एकाला साधा गोवर नाही. कुंताबाई म्हणाली होती, ते घर सोडून चालायचं नाही. आणि लक्ष्मणरावाशी माझं धुऱ्याचं भांडण. त्यानं बांध माझ्या बाजूला सरकवला असं मी म्हणतो, मी त्याच्या बाजूला सरकवला असं तो. कित्येक वर्षं तोंड पाहत नाही एकमेकांचं.

तो अंगणात बाजेवर बसला होता. मी उभा. बाजारात पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा ओरडतो मी, पण तिथं नुसता खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत राहिलो.

'काय पायजे?'

दुपट्टा पसरला. 'लेकरासाठी चिंधी द्या.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दुपट्ट्याकडे. मला वाटलं आता हसेल. हसला असता तर मी तिथंच — जाऊ दे. तो उठला आणि आत ओरडला, 'अवं, ऐकतं का? जयवंताच्या लेकरासाठी मागाले आले.' भागीरथा बाहेर आली. तिचं शेंडेफळ अंगणात लोळत होतं. त्याला धरलं आणि अंगातला सदरा ओढून काढला. तसाच, मातीचा, घामाचा, अजून ऊन. माझ्या दुपट्ट्यात टाकला. 'हाच न्या. अंगावरचा चांगला.'

लक्ष्मणराव म्हणाला, 'उभा काऊन आहे? चा घेऊन जा.' मी म्हटलं, उंबऱ्यात यायचं नाही आज. 'तं बाहेर बस.' बाजेवर बसून चहा प्यालो. धुऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही.

घरी येऊन जयवंताच्या पुढ्यात दुपट्टा सोडला. तिनं तो सदरा उचलला आणि हुंगला. कितीतरी वेळ हुंगत बसली.

२९ जानेवारी

चिंध्या उकळून, वाळवून घेतल्या. कापताना कळलं, नवं कापड शिवणं सोपं. जुनं कापड सुई लावली की आपल्या मनानं फाटतं. दोन झबली, एक टोपडं, एक दुपटं, एक कुंची. रंगाला रंग लागत नाही. पोतेऱ्यासारखं दिसतं सगळं. दिसू दे. तसंच दिसायला पाहिजे.

पण हात स्वस्थ बसेनात! कुंची दुहेरी असते — वरचं कापड आणि अस्तर. वरच्या कापडाच्या आतल्या बाजूला फूल काढलं आणि त्यावर अस्तर लावलं, तर कोणाला दिसणार? देवालाही उसवल्याशिवाय दिसणार नाही. जयवंताला विचारलं. ती हसली, इथं आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली. 'काढा बाबा. वांगंच काढा. तुमाले दुसरं काई येते का?'

साखळी टाक्यात वांगं काढलं. देठ तिनं काढला. सुईत दोरा मात्र तिला ओवता येईना. म्हणाली डोळ्यापुढे अंधुक होतं. चुलीच्या धुरानं होत असेल. आता फुंकणी तिच्या हातात द्यायची नाही.

५ फेब्रुवारी

सरकारी नर्सबाई आळीत फिरत होती, आपण होऊनच आली. जयवंताच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच, ओल्या मातीत पडतो तसा. चेहरा बदलला तिचा. म्हणाली, 'वर्ध्याले नेऊन दाखवा. रक्तदाब मोजाले पायजे. मीठ बंद करा. उशीर करू नोका.' म्हटलं, बाळाला काही? म्हणाली, दोघांनाही.

परवा नेतो. लक्ष्मणरावाला सांगितलं, स्टेशनपर्यंत गाडी जुंपतो म्हणाला. खरं सांगायचं तर कोकिळेला वर्ध्याला नेलं ते परत आणलंच नाही. तेव्हापासून त्या रस्त्याचं नावही नको वाटतं. पण नेतो.

७ फेब्रुवारी

नेलं नाही.

रूपराव सकाळीच हजर. आईनं धाडलं होतं, खास याच कामासाठी. सोळा तारखेला सूर्यग्रहण आहे. मोठं. असं ग्रहण म्हाताऱ्यांनीसुद्धा पाहिलं नाही म्हणतात. 'आई म्हनते, गिऱ्हान होईपर्यंत घराबाहेर काढू नोका. दिवस भरत आले. दोनदा हात पोळले आपले.' जावई हे बोलताना माझ्या पायांकडे पाहत होता. त्यालाही बोलवत नव्हतं.

कुंताबाईनंही तेच सांगितलं. सूज कोणाला येत नाही? तिलाही तीनही वेळा आली होती. मीठ बंद करू. ग्रहण सुटलं की सतराला जाऊ.

मला खरं तर हायसं वाटलं.

१२ फेब्रुवारी

गावभर एकच विषय. शाळेतली पोरं काचांवर काजळी धरून घेतायत. रेडिओवर सांगतात घाबरू नका, आणि ज्या आवाजात सांगतात त्यानंच भीती वाटते. मी छपरावर चढून आतल्या खोलीची कवेलू नीट केली. जिथं फट दिसली तिथं पोत्याचे तुकडे कोंबले. एक उन्हाचा किरण आत येता कामा नये.

जयवंता खालून म्हणते, 'बाबा, माहा जीव गुदमरन!' पोरीची थट्टा ऐकून बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी

गेलं एकदाचं ग्रहण.

सकाळपासून तिच्या पोटात काही नाही. पाणीसुद्धा नाही. वेध पाळायचे. मी कात्री, सुया, विळा, सगळं कुलपात ठेवलं. मशीनवर चादर टाकली. तिनं हलायचं नाही, खाजवायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, सरळ झोपून राहायचं. नाहीतर लेकराचा ओठ फाटतो, बोट तुटतं. डोकं दुखतंय म्हणत होती. कपाळ दाबायला हात पुढे केला तर कुंताबाईनं धरला — तुम्हीही हलू नका.

दुपार असून खोलीत अंधार. बाहेर उजेड पिवळट झाला, मग राखेच्या रंगाचा. कावळे निंबावर परतले. गाय हंबरली. मला भीती वाटली. छप्पन्न वर्षांचा घोडा मी, पोरीच्या उशाशी बसून रामराम म्हणत होतो.

आणि तेवढ्यात जयवंता म्हणाली, 'बाबा, जमिनीवर कोर पडली.'

पाहिलं तर खरंच. सारवलेल्या जमिनीवर उजेडाची कोर. कवडसा गोल पडतो, हा कोयत्यासारखा होता. कुठली तरी फट राहिली होती! मी धावलो आणि पाय ठेवला त्याच्यावर. तो माझ्या पायावर चढला. तसाच उभा राहिलो, ग्रहण सुटेपर्यंत, पाय भरून आला तरी. पण तिनं पाहिलं होतं. डोळे भरून पाहिलं होतं.

संध्याकाळी आंघोळ करून उठली तर म्हणते, 'अजून दिसून राह्यलं. डोये मिटले तरी काजवे चमकतात.'

सगळं छप्पर शोधलं मी. एक फट. एकच.

१७ फेब्रुवारी

वर्ध्याला जायचं होतं. पण तिला उठवतच नाही. डोकं फुटतंय म्हणते, आणि डोळ्यापुढे ठिणग्या. कुंताबाई म्हणाली, गिऱ्हान लागलं. दुसरं काय असणार? ठिणग्या काल कोर पाहिल्यापासूनच आहेत. गाडीत धक्के बसले तर लेकराला आणखी काही होईल. दृष्ट काढली. मिरच्या जळाल्या पण ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट जबर आहे म्हणतात.

माझ्या डोक्यात एकच — ओठ. बाळाचा ओठ. मी ती फट बुजवली असती तर?

१९ फेब्रुवारी

दोनदा उलटी झाली. पोटात वरच्या बाजूला दुखतं म्हणते. कुंताबाईनं पोटावर हात ठेवून पाहिलं. बाळ हलतं आहे! मलाही हात ठेवू दिला जयवंतानं. पायानं ढकलल्यासारखं लागलं. हलतंय म्हणजे ठीक आहे. देवा, बोटं नीट असू दे. मारुतीला तेलाचा बुधला बोललोय. आनंदाबाईंनी आष्टीला देवीला साकडं घातलंय, असं रूपरावांनी निरोप पाठवला. सगळे लेकरासाठी झटतायत.

जयवंता माझा हात धरून पडून होती. तिचं नखभर लक्ष नव्हतं कशात. म्हणाली, 'बाबा, दिवा काऊन विझवला?' दिवा जळत होता.

२१ फेब्रुवारी

पहाटेपासून कळा. कुंताबाई आत. रूपराव आणि आनंदाबाई आले. मी अंगणात.

२२ फेब्रुवारी

मुलगा!

काल दिवेलागणीला झाला. कुंताबाईनं आतूनच ओरडून सांगितलं, 'धड आहे हो सगळं!' आनंदाबाई दारातच मटकन बसल्या. मला आत घेतलं तर मी आधी ओठ पाहिला. अख्खा. गुलाबी. मग हाताची बोटं, मग पायाची. पुन्हा हाताची. कान, टाळू, सगळं जिथल्या तिथं. ग्रहणाची एक खूणसुद्धा नाही! माझी फट काही करू शकली नाही. मी लहान पोरासारखा अंगणात नाचलो. लक्ष्मणराव धुऱ्यावरून पाहत होता. त्याला ओरडून सांगितलं, तर तिथूनच दुपट्टा हवेत उडवला त्यानं.

भागीरथाच्या पोराच्या सदऱ्याचं झबलं घातलं, वर चिंध्यांची कुंची. इतकं गबाळं बाळ मी पाहिलं नाही. चिंधू! आनंदाबाईंनी माझ्या पायाला हात लावला, मी मागे सरलो. 'तुमी मागतलं, दौलतराव. तुमच्या मागन्यानं वाचला हा.' मला खरं वाटलं ते. अजून वाटतं. आज बाजारात वांगी नेली नाहीत, आळीत वाटून टाकली.

जयवंता थकली आहे. पडून आहे. डोकं अजून दुखतंय म्हणते. बाळ शेजारी ठेवलं तर चाचपून पाहिलं तिनं, हातानंच. 'बाबा, ओठ?' म्हटलं, अख्खा आहे बाई. तेव्हा झोपली. झोपू दे. आता सगळं नीट झालं.

२६ फेब्रुवारी

जयवंता गेली. तेवीसला. दुपारी अंग ताठ झालं, डोळे फिरले, झटके आले. वर्ध्याला पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, ग्रहणाचा काही संबंध नाही. सूज, डोकं, ठिणग्या, सगळं रक्तदाबाचं होतं. आठपंधरा दिवस आधी आणली असती तर औषध होतं.

चिंधू बरा आहे. लोक येतात आणि तेच सांगतात, लेकरू तर वाचलं. पाच दारांत दुपट्टा पसरला मी. एकाही दारात पोरीसाठी काही मागितलं नाही.